चेहऱ्यासाठीच्या गोळ्या

माझ्या चेहऱ्यावर पुरळ आहे, हे मला माझ्या मित्रानं सांगितलं. तोवर मला तसं वाटत नव्हतं. हनुवटीवर एक पुटकुळी होती, पण ती शाळेपासून येऊन-जाऊन असायची आणि आता घरातलीच झाली होती. त्यानं मात्र रायपूरच्या बूढ़ा तलावाच्या काठावर बसल्या बसल्या माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला आणि खिशातून गोळ्यांची पाकिटं काढली.

"ये खा. सुबह-शाम. पूरी खाना, बीच में मत छोड़ना," तो म्हणाला.

आम्ही दोघं कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो. तोवर त्यानं मला फूल दिलेलं नव्हतं, चॉकलेट दिलं होतं ते अर्धं स्वतः खाऊन दिलं होतं. त्यामुळे हा माणूस माझ्यासाठी औषधाच्या दुकानात गेला, याचंच मला इतकं कौतुक वाटलं की पुरळ असल्याचं मी लगेच मान्य करून टाकलं.

तो बूढ़ापारा मोहल्ल्यातला, मी ब्राह्मणपाऱ्यातली. त्याचं घराणं नागपूरच्या भोसल्यांच्या काळात इकडे आलेलं, आम्ही बाबांच्या रेल्वेच्या बदलीनं आलेलो. म्हणजे दोन्ही घरं मराठीच, पण त्याची आई बोलता बोलता 'आम्ही इथले' म्हणायची आणि माझी आई 'आम्ही अमरावतीकडचे' म्हणायची, आणि दोघींनाही आपलंच मोठं वाटायचं. त्याच्याशी मी मराठीत बोलायचे, तो हिंदीत उत्तर द्यायचा. रायपूरच्या निम्म्या मराठी घरांत जेवताना हेच चालतं, त्यामुळे त्यात आम्हाला काही वावगं वाटत नसे.

आमचं आहे हे दोन्ही आयांना कळलेलं होतं. कसं कळलं ते कोणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. हळदीकुंकवाला त्याच्या आईनं माझ्या ओटीत सगळ्यांपेक्षा मोठा नारळ घातला, तेव्हा माझी आई घरी येऊन तो नारळ बराच वेळ टेबलावर ठेवून बघत बसली होती. जातीचं जमत होतं, भाषेचं जमत होतं, मुलगा निर्व्यसनी होता. रायपुरात मराठी मुलगा मिळणं म्हणजे आमच्या घरी मोठीच गोष्ट होती, कारण माझ्या चुलत बहिणीला शेवटी पार पुण्याला द्यावं लागलं आणि काकू अजून त्याचं सुतक पाळल्यासारखी बोलते.

गोळ्या मिळाल्या तो दिवस गुढीपाडव्याचा होता. त्याच दिवशी चैत्र नवरात्र बसलं आणि माझा मित्र एकाएकी धार्मिक झाला. मागच्या नवरात्रात याच मुलानं स्टेशनजवळ उभं राहून ऑम्लेट खाल्लं होतं. या वेळी म्हणाला, "व्रत रखा हूँ. नौ दिन कुछ नहीं. हाथ भी नहीं पकड़ूँगा." आणि खरोखरच त्यानं हात धरला नाही. स्कूटीवर मागे बसला तरी मध्ये बॅग ठेवायचा. मी मैत्रिणींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, नशीबवान आहेस, आमच्या पोट्ट्यांना देवही आवरत नाही.

आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा फोन यायचा. "दवाई ली?" मी हो म्हणायचे. "पूरी लेना." मी हो म्हणायचे. एवढी काळजी माझी आजवर कोणी केली नव्हती. मी ते फोन कानाला लावून आरशासमोर उभी राहायचे आणि पुटकुळीकडे प्रेमानं बघायचे.

आता आमच्या घरातल्या एका रिवाजाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे औषध कोणा एकाचं नसतं. श्रीखंडाचा एक जुना डबा आहे, त्यात घरात आलेली प्रत्येक गोळी शेवटी जाऊन पडते. डॉक्टरनं पाच दिवस सांगितलं की आमच्याकडे दोन दिवस घेतात, बरं वाटलं की उरलेलं डब्यात. मग पुढच्या वेळी ज्याला जे होईल त्याला आई डबा उघडून त्यातलं देते. बाबांच्या खोकल्याचं औषध मी घेतलं आहे, माझ्या दातदुखीचं शेजारच्या काकूंनी. चांगलं औषध एकट्यानं संपवणं हे आमच्याकडे ताटातलं एकट्यानं खाण्यासारखं आहे.

तर आईनं माझ्या टेबलावर पाकिटं पाहिली. "कशाच्या आहे वं ह्या?"

"चेहऱ्याच्या. पुरळ जाते म्हणे."

"कोण देल्या?"

मी त्याचं नाव सांगितलं. आईचा चेहराच उजळला. तिला त्या वर्षी गालावर आणि मानेवर फोड येत होते, वयानं येतात तसे. "मंग मलेही दे थोड्या. जावयाच्या हातचं औषध आहे, गुण येईन," असं ती अर्धं थट्टेनं, अर्धं खरंच म्हणाली. आणि आम्ही त्या गोळ्या वाटून घेतल्या. मी पाण्यासोबत घ्यायचे, आई दुधासोबत. आईच्या मते कुठलीही गोळी दुधासोबत घेतली की अंगी लागते.

माझी पुटकुळी गेली का, तर नाही. उलट दुपारी कॉलेजातून स्कूटीवर येताना स्कार्फ बांधूनही माझं नाक आणि कपाळ असं भाजलं की सालपटं निघाली. आई म्हणाली, औषध उष्ण आहे. तीही गच्चीवर चिंचा वाळवायला जाऊन मान भाजून घेऊन आली. आम्ही मायलेकी काही दिवस सारख्याच लाल दिसत होतो, आणि बाबांनी एकदा पेपरातून वर बघून विचारलं की आज कुठे लग्न आहे का.

रामनवमी झाली, त्याचं व्रत सुटलं, सगळं पहिल्यासारखं झालं. त्यानंतर काही आठवड्यांनी माझं ओटीपोट दुखू लागलं. लघवीला जळजळ होती, अंगावरून जात होतं, मध्येच डागही पडत होते. मी पाणी जास्त प्यायले. धने-जिऱ्याचं पाणीही प्यायले. आमच्या पिढीला इंटरनेटवर सगळं कळतं असं मोठ्या माणसांना वाटतं. मी इंटरनेटवर पाहिलं तर मला एक तर काहीच झालेलं नव्हतं किंवा कॅन्सर झाला होता.

कॉलेजात या विषयाचं शिक्षण आम्हाला मिळालं होतं. एकदा एक बाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. त्या आल्या तेव्हा मुलांना मैदानावर क्रिकेट खेळायला पाठवलं. आम्हाला त्यांनी स्वच्छता राखा असं सांगितलं आणि प्रत्येकीला पॅडचं एक पाकीट दिलं. बाहेरून अधूनमधून आउट झाल्याचा आरडाओरडा ऐकू येत होता. त्या क्रिकेट खेळणाऱ्यांत माझा मित्र होता.

ब्राह्मणपाऱ्यात बायकांची डॉक्टर होती, पण ती आईच्या भिशीत होती. तिच्याकडे गेले असते तर मला काय झालंय ते आधी आईला कळलं असतं, मग मला. म्हणून मी भनपुरीला गेले. तिकडे ट्रान्सपोर्टची ऑफिसं, गोदामं, ट्रकच ट्रक, आणि आमच्या ओळखीचं माणूस तिकडे मेलं तरी जात नाही. तिथल्या एका लहानशा दवाखान्यात एक डॉक्टर बाई होत्या. बाकावर ड्रायव्हर लोकांच्या बायका बसल्या होत्या आणि आपापल्या तक्रारी एकमेकींना मोठ्यानं सांगत होत्या. एकीनं मला विचारलं, "तोला का होगे, बेटी?" मी म्हटलं, सर्दी. तिनं बाजूला सरकून मला जागा दिली.

डॉक्टर बाईंनी लग्न झालंय का असं विचारलं नाही. "संबंध रखती हो किसी से?" असं विचारलं, चहा घेता का विचारावं तसं. मी हो म्हटलं. कंडोम वापरता का, तर मी म्हटलं, कधी कधी. त्या म्हणाल्या, "कभी-कभी वाले ही आते हैं यहाँ." मग विचारलं, हल्ली कोणतं औषध घेतलं का.

माझ्या मोबाइलमध्ये त्या पाकिटाचा फोटो होता. पुण्याच्या बहिणीला पाठवायला काढला होता, तिलाही पुरळ यायची. मी तो दाखवला.

"ये किसलिए ली?"

"पिंपल के लिए."

"देते हैं पिंपल में भी," त्या म्हणाल्या. "पूरी ली?"

"आधी मैंने ली, आधी मम्मी ने."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मम्मी को क्या हुआ है?"

"उनको भी पिंपल है."

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग विचारलं, "दी किसने? डॉक्टर ने?"

मी म्हटलं, नाही, मित्रानं. त्यानं कुठून आणल्या, तर ते मला माहीत नव्हतं. त्यालाही पुरळ आहे का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नाही, त्याचा चेहरा अगदी साफ आहे. हे मी थोडं अभिमानानंच सांगितलं.

तपासणी झाली. रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मला पुन्हा बोलावलं आणि समजावून सांगितलं. संबंधातून होणारा संसर्ग आहे, बरा होतो, घाबरण्यासारखं नाही. पण अर्धवट औषध घेतलं, किंवा दोघांपैकी एकानंच घेतलं, तर परत होतो, आणि तसाच राहिला तर पुढे मूल व्हायला अडचण येऊ शकते. अनेकांना त्रास काहीच होत नाही, म्हणून कोणाकडून कोणाला आणि कधी, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पुरुषांना झालं तर त्यांनाही हेच, फोटोतलंच औषध देतात. दोघांनीही पूर्ण घ्यायचं, आणि औषध संपेपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत. बाकीच्याही तपासण्या दोघांनी करून घ्यायच्या. "और मम्मी से कहना, किसी की दवाई न खाए."

मी दवाखान्यातून बाहेर आले. समोर एक ट्रक मागे घेत होते आणि क्लीनर 'आन दे, आन दे' ओरडत होता. तिथे उभी असताना मला नवरात्राचं व्रत आठवलं, आणि मध्ये ठेवलेली बॅग आठवली, आणि सकाळ-संध्याकाळचे फोन. मी फार हुशार मुलगी नाही, पण तेवढं मला जोडता आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला तलावाजवळ बोलावलं. तो समोसे घेऊन आला. मी म्हटलं, "माह्या चेहऱ्यावर काही नव्हतं ना रे?"

तो खाता खाता थांबला. "मतलब?"

"तुले काय झालं होतं, ते सांग. मी डॉक्टरकडे जाऊन आली."

त्यानं आधी नाही म्हटलं, मग कुणीतरी उगाच माझे कान भरले असं म्हटलं, मग समोसा कागदावर ठेवला आणि सांगितलं. पाडव्याच्या आधी त्याला लघवीला जळजळ होऊ लागली होती. तो डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टरनं त्याला औषध दिलं, आणि जिच्याशी संबंध आहे तिला सांग, तिलाही दाखवायला घेऊन ये, असं बजावलं होतं. ते त्याच्यानं होईना. म्हणून त्यानं दुकानातून तेच औषध माझ्यासाठी आणलं. माझ्या आधी, कॉलेजच्या ट्रेनिंगला तो बाहेरगावी गेला होता तेव्हा, एक मुलगी होती, तिच्याकडून आलं असेल म्हणाला. मी विश्वास ठेवला, अजूनही ठेवते. मला राग आला तो त्या मुलीचा नव्हताच.

"काहून नाही सांगितलं?"

"शर्म आ रही थी यार. कैसे बोलता?"

जे करताना लाज वाटली नव्हती ते बोलताना वाटली. पण तेव्हा मी एवढंच म्हटलं की मलाही आत्ता वाटून राहिली, तरी मी बोलून राहिली.

"दवाई तो दी थी ना मैंने," तो म्हणाला. "पूरी खा लेती तो कुछ नहीं होता. रोज पूछता था."

हे ऐकून मला भयंकर राग आला. कारण त्याच्या हिशेबानं चूक माझ्या आईची होती. त्यानं मला जनावराला पेंडीत मिसळून द्यावं तसं औषध दिलं होतं, आणि आता म्हणत होता की पेंड उरवली कशाला.

"बता देता तो तू चली जाती," तो शेवटी म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"गेली असती का नसती, ते मी ठरवलं असतं," मी म्हटलं.

तो औषध पुन्हा घ्यायला तयार झाला. तपासण्यांनाही तयार झाला. फक्त घरी सांगू नकोस म्हणाला. मी काहीच कबूल केलं नाही, पण मोडलंही नाही. मला तो आवडायचा. परीक्षेच्या दिवसांत मला रात्रीचं जागता येत नाही म्हणून पहाटे उठवणारा तोच होता, माझ्या आजीच्या तेराव्याला वाढायला उभा राहिला होता. मी या वेळी सगळ्या गोळ्या घेतल्या, एकही डब्यात जाऊ दिली नाही, आणि रोज एकदा तरी मनात म्हणत होते की माणूस लाजेनं चुकला, वाईट नाही. कधी ते पटायचं, कधी नाही.

मी ठरवत होते तेवढ्यात दोन्ही आयांनी ठरवून टाकलं. आईनं सांगितलं की रविवारी त्यांच्याकडे जायचं आहे. नुसतं चहाला, पण बाबा नवा शर्ट घालणार होते, म्हणजे नुसतं चहाला नव्हतं. आई स्वयंपाकघरात खाली बसून चिंचा फोडत होती, चिंचोके एकीकडे, गर एकीकडे. बाबा बाहेरच्या खोलीत बातम्या बघत होते.

"अन् त्या गोळ्या आणखी असतीन त आणाले सांग त्याले," आई म्हणाली. "मानीवरचे फोड गेले माह्ये."

मी तिच्यासमोर बसले. मला आधी वाटलं, फक्त गोळ्या खाऊ नको एवढंच सांगावं. पण का, हे सांगितल्याशिवाय ते सांगता येत नव्हतं. मग मी सगळंच सांगितलं. आवाज हळू ठेवला. आजाराचं नाव सांगितलं, कशानं होतो ते सांगितलं, म्हणजे आमचं काय चालू होतं तेही त्यात आलंच. मला वाटलं ती मारेल. निदान रडेल. लहानपणी मी तिला न सांगता केस कापून आले होते तेव्हा ती दोन दिवस जेवली नव्हती.

आईनं हातातली चिंच फोडून संपवली. मग म्हणाली, "म्हणजे तुले चेहऱ्याच्या म्हणून देल्या त्यानं."

"हो."

"अन् रोज इचारे, घेतल्या का म्हणून."

"दोन्ही वेळा."

"अन् तेवढे दिवस हात लावला नाही."

"व्रत आहे म्हणे."

तिनं चिंचोके एका बाजूला सारले. "मले ताकदीच्या म्हणून देल्या होत्या," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मी विचारलं, कोणी.

"तुह्या बाबांनी. तू व्हायच्या आधी. ते तवा लाइनवर बाहेर राहत, मधी मधी घरी येत. एक डाव आले त गोळ्या घेऊनच आले. म्हणे, तू अशक्त झाली, ह्या ताकदीच्या आहे, पुऱ्या घे, मीही घेतो तुह्यासंग. सोताच्या हातानं देत. पाण्याचा गिलास घेऊन उभे राहत समोर. मी माहेरी सांगितलं होतं वं. माह्या बहिणींले सांगितलं, आमचे हे असे गोळ्या देतात म्हणून. त्या रडल्या होत्या, आमच्या नवऱ्यांले आमचं काहीच नाही म्हणून."

"तुले कधी समजलं?" मी विचारलं.

"आत्ता," आई म्हणाली.

बाहेरून बाबांनी चहाचं विचारलं. आई "आणते" म्हणाली आणि उठली नाही. बाबांनी आयुष्यात तिच्यावर कधी आवाज चढवलेला नाही, आजही ते आपली थाळी आपण उचलून ठेवतात, आणि मला त्यांचं कौतुक आहे. त्या क्षणी मला त्यांच्याकडे जाऊन काही विचारावंसं वाटलं नाही. आईलाही वाटलं नसावं.

तिनं पदराला हात पुसले, फोन घेतला आणि त्याच्या आईला लावला. तब्येतीचं विचारलं, उन्हाचं विचारलं. मग म्हणाली, रविवारचं राहू द्या. तिकडून कारण विचारलं असणार, कारण आईनं माझ्याकडे पाहिलं. "पोट्टी नाही म्हणते," ती म्हणाली.

मी तोवर नाही म्हटलेलं नव्हतं. तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत थांबली, तेव्हा म्हटलं.